भाऊ जेवला का?

आबा वरणगावच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे ते नेमकं काय तपासत, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. विचारलं तर "लोखंड" एवढंच उत्तर मिळे. पण तपासायची खोड ते रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन येत. नवी छत्री आणली की ती आधी नळाखाली उघडून बघायची. खाट विणून आली की पहिल्यांदा स्वतः तिच्यावर धपकन बसून बघायचं. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "मले बी तपासूनच आनलं असन यायनं." आबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "नाही, तेवढं राहून गेलं."

तर अशा माणसाने एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षं तपासायची टाळली होती, ती म्हणजे माझा भाऊ.

तो माझ्याहून मोठा. आम्ही त्याला भाऊच म्हणायचो, आणि नाव घेऊन हाक मारली तर तो वळायचा नाही, म्हणून सगळी गल्लीही भाऊच म्हणायची. जळगावच्या डॉक्टरांनी त्याला मतिमंद म्हटलं, शेजाऱ्यांनी भोळा म्हटलं, आईने काहीच म्हटलं नाही. शब्द त्याच्याकडे मोजके होते आणि तो ते उधळत नसे. "हो", "नाई", "पानी", "बस", माणसांची नावं आणि थोडं इकडचं तिकडचं. अंगाने दांडगा, चालायला सावकाश, आणि एकदा एक गोष्ट ठरली की ती ठरली. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक घरात असा एक भाऊ असतोच. मैत्रिणीच्या घरी गेल्यावर मी तिला विचारलंही होतं, "तुमचा कुठेय?"

आबा निवृत्त झाले, कारखान्याची क्वार्टर सुटली आणि घरची माणसं जळगावच्या पिंप्राळ्याला वसाहतीत घर बांधून राहायला आली. तोवर माझ्या बहिणीचं, अक्काचं, लग्न होऊन ती साक्रीला गेली होती, माझं होऊन मी धुळ्याला. घरात राहिले आई, आबा आणि भाऊ.

त्या हिवाळ्यात मामाच्या मळ्यात भरताचा बेत होता. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, मामा ती लाकडी बडगीत ठेचत होता, केळीची पानं मांडली होती, आणि भाऊ नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन सगळ्यांना पाणी देत फिरत होता. आबांनी एकदम, जणू मीठ मागावं तसं, विचारलं, "आम्ही दोघं गेल्यावर हा कोणाकडे जेवणार?"

मामाचा हात थांबला. अक्काने माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या पानाकडे. अशा प्रश्नाला कोणी पटकन "माझ्याकडे" म्हटलं तर ते खोटं वाटतं आणि उशिरा म्हटलं तर जास्तच खोटं वाटतं. आई मात्र लगेच बोलली. "मी कुठी चालली? मी हाये न."

"तू किती पुरशील?" आबा म्हणाले.

"त्याच्याहून एक दिस जास्त."

हे ती इतकं साधेपणाने म्हणाली की मला तिचा रागच आला. स्वतःच्या मुलानंतर एक दिवस मागणारी बाई, आणि तेही समोर गरम भरीत असताना! पण नंतर मी अशी मुलं असलेल्या बऱ्याच आयांशी बोलले, आणि जवळजवळ प्रत्येकीने तोच एक दिवस मागितला होता.

आबांनी मनावर घेतलं. बाहेरगावची एक संस्था ते बघूनही आले, पण आईने त्या संध्याकाळी चूलच पेटवली नाही, तेव्हा तो विषय तिथेच मिटला. मग आबांनी त्यांच्या पद्धतीने ठरवलं. आपण असतानाच आपण नसल्याची चाचणी घ्यायची. भाऊने थोडे दिवस अक्काकडे राहायचं, थोडे दिवस माझ्याकडे. कुठे जमतं ते बघायचं. "नमुना पास झाल्याशिवाय माल बाहेर काढत नाही आम्ही," ते म्हणाले. आईने त्यांना ऐकू जाईल अशा बेताने भांडी घासली.

पहिली चाचणी साक्रीला. अक्काच्या सासरची माणसं मनाने फार मोठी. सुनेचा भाऊ पहिल्यांदा राहायला येतोय म्हटल्यावर सासूबाईंनी खापर चढवलं आणि पुरणाचे मांडे केले. भाऊचे पाय धुवायला गरम पाणी दिलं, बसायला पाट दिला, पाटाभोवती रांगोळी काढली. तो तांब्याकडे हात न्यायला लागला तर सासूबाई ओरडल्या, "पाव्हना शे तो! त्याले कामले हात लावू देऊ नका!" सगळ्यांच्या आधी त्याला वाढलं. खापरावरचा मांडा, वर तुपाची धार.

भाऊ जेवला नाही.

पाटावरून उठला आणि भिंतीला लागून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी उभ्याने चहा-भाकरी खाई, बाजारातून आणलेली केळी खाई, पण दिवेलागणीला सगळे बसले की हा उभा. सासूबाई रडकुंडीला आल्या. "काही चुकनं का आमनं?" म्हणून अक्काला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. शेवटी मेहुण्यांनी त्याला एसटीत बसवून पिंप्राळ्याला आणून सोडलं. घरी आल्या आल्या त्याने तांब्या उचलला, आणि त्या रात्री चार भाकरी खाल्ल्या.

आईचा चेहरा मला अजून आठवतो. लेक उपाशी राहिल्याचं दुःख होतं त्यात, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही होता. "त्याले माह्या हातचं लागते," ती म्हणाली.

"ठीक आहे," आबा म्हणाले. "हेही तपासू."

दुसरी चाचणी माझ्याकडे, धुळ्याला. आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरी, आईच्या हातचा ठेचा, सगळं फडक्यात बांधून बरोबर. मी साक्रीचं ऐकून होते, म्हणून जास्तच काळजी घेतली. भाऊ यायच्या आधी पाट मांडला, पाण्याचे पेले भरून ठेवले, तो दिसताच हात धरून बसवला. आमचे हे त्याच्याशी फार मोकळे, तेही समोर बसून "खा रे बाबा" करत राहिले. भाऊने आईची भाकरी ओळखली. तिला बोट लावलं आणि उठून उभा राहिला.

म्हणजे हातची चव नव्हे. मग राहिली खुद्द आई. तिसऱ्या खेपेला आई स्वतः भाऊबरोबर धुळ्याला आली. येताना एसटीत ती म्हणे राणीसारखी बसली होती. आता तर प्रश्नच नव्हता. मी पाट मांडला, पेले भरले, आई शेजारी बसली, तिने स्वतः घास केला आणि भाऊसमोर धरला.

त्याने मान फिरवली.

आईचा हात तसाच राहिला. मग तिने तो घास परत ताटात ठेवला आणि त्याच्याकडे अशी पाहत राहिली, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. मला तिची फार दया आली. इतकी वर्षं ती जो आधार धरून उभी होती, की आपण असलो म्हणजे झालं, तोच हातातून निघून गेला. ती मला म्हणाली, "मंग याले काय लागते?"

हाच तो प्रश्न. आणि मला कबूल केलं पाहिजे की त्या क्षणापासून मला काळजीपेक्षा कुतूहल जास्त वाटायला लागलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, आपल्याच घरात वाढलेला, आपल्याच ताटात जेवलेला, आणि तो कशावर चालतो हे घरातल्या एकालाही माहीत नाही! मी सुट्टी काढून पिंप्राळ्याला जाऊन राहिले. आबा खूश. त्यांना जोडीदार मिळाला.

आम्ही दोघांनी भाऊची रीतसर तपासणी मांडली. एका संध्याकाळी त्याचं ताट बदललं, तो जेवला. एका संध्याकाळी बसायची जागा बदलली, जेवला. भाजी आळणी केली, तोंड वाकडं करून जेवला. दिवे गेले होते तरी जेवला. त्याच्या जागेवर आबा बसले आणि आबांच्या जागेवर तो, तेव्हा त्याने आबांना हाताला धरून उठवलं आणि जेवला. आई म्हणे, "काय खेळ लावला बाप-लेकीनं." पण ती आता दाराआडून बारकाईने बघायची.

उत्तर सापडलं ते माझ्या आळशीपणामुळे. एका संध्याकाळी मला फार तहान लागली होती, म्हणून मी स्वतःच माठातून पेला भरून घेतला आणि पाटावर येऊन बसले. भाऊ तांब्या घेऊन आला. माझा भरलेला पेला पाहून थांबला. तो उचलला, मोरीत जाऊन ओतला, परत आणून माझ्यासमोर ठेवला आणि आपल्या तांब्यातून भरला. मग आईचा भरला, आबांचा भरला, शेवटी स्वतःचा भरला, आणि बसला.

मी खुळ्यासारखी बघत राहिले. हे तो रोज करत होता. माझ्या जन्मापासून रोज. मामाच्या मळ्यातही करत होता. पण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तसं ते आमच्यापैकी कोणाला दिसतच नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "हा पाणी देतो, ते कधीपासून?"

आईला आठवायला वेळ लागला. लहानपणी भाऊ फार हावरा होता. सगळ्यांच्या ताटात हात घालायचा, आजोबांच्या ताटातसुद्धा. मारून बघितलं, बांधून बघितलं. मग एक दिवस तिने त्याच्या हातात तांब्या दिला आणि सांगितलं, "आधी सगळ्यायले पानी दे, मंग बस." हात गुंतले, भांडण मिटलं. पुढे ती विसरून गेली. तो विसरला नाही.

आणि आम्ही काय केलं होतं? साक्रीला त्याला पाहुणा केला. धुळ्याला मी पेले भरून ठेवले. आमच्या खान्देशात माणसावर माया करायची म्हणजे त्याला बसवायचं, त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि त्याच्या ताटात ओतत राहायचं. सगळ्यांनी त्याच्यावर मनापासून माया केली आणि मनापासून उपाशी ठेवलं. मी हसायला लागले. आबाही हसले. आई हसली नाही. तिने भाऊच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढच्या खेपेला भाऊ एकटा धुळ्याला आला. मी त्याच्या हातात तांब्या दिला आणि गप्प बसले. त्याने माझा पेला भरला, ह्यांचा भरला, स्वतःचा भरला. मी मनातल्या मनात आबांना कळवूनही टाकलं की पास. तेवढ्यात त्याने मांडणीवरून आणखी दोन पेले काढले आणि जमिनीवर ठेवले.

"आबा?" त्याने विचारलं.

याचं उत्तर मला माहीत होतं. आबा दुसऱ्या पाळीला असले की लहानपणी आम्ही हेच सांगायचो. "आबा कारखान्यात."

त्याने एक पेला उपडा घातला. तो कारखान्याचं फाटक ओळखत होता. आईचा हात धरून तो कितीदा तिथवर डबा द्यायला गेला होता, आबांना आत जाताना त्याने पाहिलं होतं. निवृत्तीनंतरही आबा भुसावळला जावोत की लग्नाला, भाऊसाठी ते कारखान्यातच असायचे आणि पेला उपडा व्हायचा.

"आई?"

"आई घरी आहे," मी म्हणाले.

त्याने घरभर पाहिलं. आई नव्हती. "आई देवळात." नाही. "आई मळ्यात, मामाकडे." नाही. मी सांगत गेले आणि तो पेला हातात धरून उभा राहिला. त्याच्या कळत्या वयात घरी दिवेलागणीला आई पंगतीत नाही असं एकदाही झालं नव्हतं. ती कुठे जाते, हे त्याने पाहिलंच नव्हतं, कारण ती कुठे जातच नव्हती.

मी आबांना सगळं सविस्तर सांगितलं. प्रत्येक पेल्याचं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला कुठेतरी जायला शिकवलं पाहिजे." आईने साफ नकार दिला. "मी जिती हाये तवर माह्या लेकराच्या पंगतीतून उठनार नही." पुढे दोन-तीन वर्षं हा विषय घरात असाच पडून राहिला. आबांनी तपासणी केली होती, दोष सापडला होता, आणि दुरुस्ती करायला कोणी तयार नव्हतं.

मग आबाच गेले. फार न रेंगाळता, उन्हाळ्यात. भाऊने सगळं पाहिलं. आबांना अंगणात ठेवलेलं पाहिलं, उचलून नेताना पाहिलं, दाराला धरून उभा राहिला आणि रडला नाही. घरात चूल पेटायची नव्हती, शेजारून पिठलं-भाकरी आली. अक्का, मी, आई, मामा, सगळे भिंतीला टेकून बसलो होतो. कोणाला भूक नव्हती. भाऊ तांब्या घेऊन आला. सगळ्यांना पाणी दिलं. मग आबांचा पेला आणून त्यांच्या जागेवर ठेवला.

"आबा?"

अक्काने तोंडाला पदर लावला. भाऊ वाट बघत उभा. मग आई बोलली, रोजच्या आवाजात. "आबा कारखान्यात."

त्याने पेला उपडा घातला, आणि बसून जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, "तुह्या आबायचं ठिकान होतं. मरूनसुद्धा त्यायची सोय झाली. माह्यं कुठलं ठिकान?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सरळ उठली, डोक्यावर पदर घेतला आणि शेजारी खालाकडे गेली.

खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी गादीवाल्याची बायको. तिचा नवरा कापूस पिंजायचा, ती गाद्यांच्या खोळी शिवायची. आईचं आणि तिचं भिंतीवरून देणं-घेणं होतं, पण बसणं-उठणं नव्हतं, कारण आई कुठे बसायला जातच नसे. त्या सकाळी आईने तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. खाला मात्र तेव्हापासून आईला "बहेन" म्हणायला लागली.

आणि मग आईने न असण्याचा सराव सुरू केला. मला दुसरा शब्द सुचत नाही. मी सुट्टीत जाई तेव्हा पाहायची. दिवेलागणीला स्वयंपाक झाकून आई भाऊला सांगे, "मी खालाकडे." त्याच्या डोळ्यांदेखत ती फाटकातून बाहेर पडे आणि खालाच्या दारातून आत शिरे. भाऊ पाणी भरी, आईचा पेला हातात घेई, आणि उपडा घालायच्या ऐवजी, हे त्याचं त्यानेच ठरवलं, भरलेला पेला घेऊन खालाच्या दारात जाई. आई उंबऱ्यात येऊन पाणी पिई, रिकामा पेला परत देई. मग तो येऊन जेवे.

काही महिन्यांनी आई उंबऱ्यात यायची बंद झाली. आतूनच "हाये रे" म्हणायची. मग तेही बंद झालं. भाऊ पेला घेऊन जाई, खाला दारात तो घेई आणि म्हणे, "अंदर है बेटा. मैं देती." तो मान हलवून परत येई. खालाने मला पुढे सांगितलं, आई तेव्हा आतल्या खोलीत कापसाच्या गठ्ठ्याला टेकून, तोंडात पदराचा बोळा घालून बसलेली असे, म्हणजे आवाज जाऊ नये. भाऊ जेवून हात धुवायला मोरीवर गेला की भांड्याचा आवाज भिंतीपलीकडे येई. तो ऐकला की ती विचारी, "जेवला का?" खाला म्हणे, "जेवला." मग आई खालाच्या हातून तो पेला घेई आणि पाणी पिई.

रमजान आला तेव्हा खाला तिला म्हणाली, "आता तुझाही रोजा माझ्याबरोबरच सोड." आई म्हणे खजूर खाऊन घरी यायची आणि भाऊला एक आणायची.

आबांच्या मूळ प्रश्नाचंही उत्तर याच काळात निघालं, आणि ते आबांनी तपासलेल्या यादीत नव्हतं. भाऊ कोणाकडे जाणार, असं आम्ही विचारत आलो होतो. पण भाऊचं आता एक ठिकाण होतं, आणि त्या ठिकाणाला खालाची भिंत लागून होती. ते उचलून साक्रीला नेता येत नव्हतं आणि धुळ्यालाही नेता येत नव्हतं. जायचं आम्हाला होतं. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी जळगावला बदली मागून घेतली. मला वाटलं होतं बराच वाद होईल. ते म्हणाले, "ज्या घरात बसल्या जागी पाणी मिळतं तिथे जायला माझी काय हरकत?" अक्का येऊन रडली, म्हणाली, माझ्याकडून काहीच झालं नाही. मी म्हटलं, दरवर्षी उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या करून पाठव, त्याला आवडतात. ती डबे भरभरून पाठवायची.

आई गेली तेव्हा मी त्या घरात राहायला येऊन वर्ष झालं असेल. शेवटी शेवटी ती पाटावर बसू शकत नव्हती, पण दिवेलागणीला खालाकडे जायचा हट्ट सोडला नाही. मी आणि हे तिला धरून नेत असू. ती गेली त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. भाऊने सगळ्यांना पाणी दिलं. एवढ्या माणसांना पेले पुरले नाहीत तर वाट्यांतून दिलं. मग आईचा पेला भरला. विचारलं काहीच नाही. उठला आणि खालाच्या दारात गेला. मी खिडकीतून बघत होते. खालाचे डोळे सुजलेले होते. तिने पेला घेतला. "अंदर है बेटा. मैं देती." तो परत आला, बसला आणि जेवला. मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

त्यानंतर रोज हेच. मला कोणी विचारलं की भाऊ कसा आहे, तर मी सांगायची, आईने सगळं करून ठेवलंय. खरंच वाटायचं तसं. आईने त्याला फसवलं, पण किती मायेने फसवलं, आणि बिचाऱ्याला ते कळत नाही हे एक बरं. असं मी समजून चालले होते.

एका संध्याकाळी भाऊ भरलेला पेला घेऊन तसाच परत आला. मी धावत बाहेर गेले. खालाच्या दाराला कुलूप. तिची लेक यावलला दिलेली, तिचे दिवस भरत आले होते. दुपारी निरोप आला असणार आणि खाला घाईत निघून गेली होती. मी बाजारात होते, मला पत्ताच नव्हता. इतकी वर्षं रचलेलं एका कुलपाने गेलं, असं वाटलं. मी दारातच भराभर विचार करायला लागले. काय सांगू? आई खालाबरोबर यावलला? यावल त्याने पाहिलेलं नाही. आई झोपली? आई आजारी? आत ताटं वाढलेली, हे पाटावर हात आखडून बसलेले, आणि भाऊ मधोमध पेला धरून उभा, अगदी धुळ्याला उभा राहिला होता तसा.

"भाऊ, आई ना..." मी सुरुवात केली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो वाकला. आईच्या पेल्यातलं पाणी त्याने माझ्या पेल्यात ओतलं, अगदी काठापर्यंत. रिकामा पेला आईच्या जागेवर नेऊन उपडा घातला.

"आई कारखान्यात," तो म्हणाला, मला समजावून सांगावं तसं. आणि जेवायला बसला.

मी काठापर्यंत भरलेल्या त्या पेल्याकडे बघत राहिले. आबांना उचलून नेलेलं त्याने पाहिलं होतं. आईलाही. त्याने आमच्याकडून फक्त शब्द घेतला होता, बाकी सगळं त्याचं त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते मला आजही माहीत नाही.

चार-आठ दिवसांनी खाला परत आली. दिवेलागणीला भाऊने आम्हाला पाणी दिलं, उपडा असलेला आईचा पेला सरळ केला, भरला आणि निघाला. मी खिडकीशी गेले. खालाने दार उघडलं, पेला घेतला आणि नेहमीसारखं म्हणाली, "अंदर है बेटा. मैं देती."

भाऊ तिच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातला पेला हलकेच तिच्या तोंडाकडे नेला. "पानी," तो म्हणाला. खालाने माझ्या खिडकीकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ती उंबऱ्यातच उभी राहून सगळं पाणी प्यायली. रिकामा पेला घेऊन भाऊ घरी आला आणि पाटावर बसला.

भिंतीपलीकडून खालाने विचारलं, "जेवला का?"

"बसलाय," मी म्हणाले.